'सेट' या इंग्रजी शब्दाचे डिक्शनरीत इतके अर्थ आहेत, पाठ कसे करायचे?

पाठ करूच नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९च्या आवृत्तीत एकट्या सेट या क्रियापदाचे ४३० अर्थ होते, सगळ्यात लांब नोंद तीच होती (आता 'रन' पुढे गेलाय), एवढं कुणाच्या डोक्यात राहणार?

त्यापेक्षा मूळ बघा. सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे, जुन्या इंग्रजीत हाच अर्थ. आता आपलं 'बसवणे' आठवा, आपण गणपती बसवतो, प्लंबर नळ बसवतो, पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला कॉलेजची पोरं एकांकिका बसवतात, डॉक्टर हाड बसवतात, सोनार अंगठीत खडा बसवतो, हे सगळं तुम्ही कधी पाठ केलं होतं का? हाड आणि खडा तर इंग्रजीतपण सेटच होतात! अलार्म लावणे, तारीख ठरवणे, कवितेला चाल लावणे, सगळीकडे काहीतरी जागच्या जागी पक्कं करायचंय. दही लागतं, सिमेंट धरतं तिथे ती वस्तू आपली आपणच बसते, आणि सूर्य मावळतो तोही असाच खाली बसतो. पावसाळा सेट इन होतो म्हणजे ठाण मांडतो.

टी सेट, दागिन्यांचा सेट, गणितातला संच यांच्यात मात्र बसवणे शोधत बसू नका. समूह या अर्थाचा सेट लॅटिनमधल्या 'सेक्टा'वरून, म्हणजे अनुयायांच्या गटावरून, फ्रेंचमार्गे आला आणि उच्चार सारखा म्हणून पहिल्यात मिसळून गेला. दोन वेगळे शब्द एकाच स्पेलिंगखाली राहतायत, निम्मा गोंधळ मला वाटतं त्याचाच आहे.

सेट ऑफ, सेट आउट म्हणजे निघणे, एवढी मात्र सरळ लक्षात ठेवा. भूतकाळातपण सेटच राहतं, सेटेड कधीच नाही.

अजून एक, पुण्यात आपण 'पोरगं हिंजवडीत सेट झालं' म्हणतो ना, ते इंग्रजीत सेटल्ड होतं, इंटरव्ह्यूत तिथे सेट म्हणू नका. आणि पुणे विद्यापीठ घेतं ती प्राध्यापकांची सेट परीक्षा म्हणजे नुसती आद्याक्षरं, तिचा या शब्दाशी काही संबंध नाही.