होणाऱ्या नवऱ्याकडे २००० पुस्तकं आहेत आणि तो कोणाला हातसुद्धा लावू देत नाही. पुस्तकवेडे लोक असे का असतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की घर वन बीएचके आहे, लग्न डिसेंबरात आहे आणि होणाऱ्या सासूबाईंनी आत्तापासून "तू आलीस की काढ बाई तो पसारा" असं सांगून ठेवलंय. ते शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी इथे नुसता वाचत असतो. पसारा काढायचा विचार सोडा. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं ते पुस्तकं मावावीत हा हिशोब धरून, त्यामानाने तुमच्या ह्यांनी फक्त एक भिंत अडवलीय.

आता विचित्र म्हणाल तर आम्ही विचित्र आहोतच, त्यात वाद नाही. नवीन पुस्तक हातात आलं की आधी नाक खुपसणार, मग किंमत, मग आवृत्ती कितवी, मुद्रक कोण, अक्षरजुळणी कोणाची, हे सगळं झाल्यावर मजकूर. जुन्या पुस्तकाला तो गोडसर, व्हॅनिलासारखा वास येतो ना, तो कागद आतून सडत चाललेला असतो त्याचा, लिग्निन म्हणून एक घटक असतो लाकडाच्या लगद्यात तो तुटत जातो, म्हणजे पुस्तक हळूहळू मरत असतं आणि आम्ही डोळे मिटून हुंगत असतो. खुणेला एसटीचं तिकीट, लाइटबिल, गोळ्यांची रिकामी स्ट्रिप, काहीही चालेल पण पान दुमडायचं नाही. कोणाकडे गेलो की यजमानांशी बोलता बोलता मान वाकडी करून त्यांच्या कपाटातली नावं वाचायची, बायकोने टेबलाखालून पाय मारला की थांबायचं. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर किंवा फ्लोरा फाउंटनला उभ्याउभ्या दोन तास घालवायचे, घरी येताना पिशवी वॉचमनकडे ठेवायची, रिकाम्या हाताने वर जायचं आणि रात्री कचरा टाकायच्या निमित्ताने खाली उतरून ती आणायची. (बायकोला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं, वॉचमनने सांगितलं. तिने मला अकरा वर्षं कळू दिलं नाही.) २०१७ ला साहित्य संमेलन आमच्या डोंबिवलीतच भरलं होतं, तीन दिवसांत मी एकही परिसंवाद पूर्ण ऐकला नाही, सगळा वेळ ग्रंथप्रदर्शनात. आणि घेतलेलं सगळं वाचतो का, तर अजिबात नाही. जपानीत याला त्सुंदोकु असा शब्द आहे, पुस्तकं आणून ढीग लावून ठेवणे. आपल्याकडे शब्द नाही, ढीग मात्र आहेत.

पण तुमचा खरा प्रश्न हात का लावू देत नाही हा आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे आहे.

आमची आई सातवीपर्यंत शिकलेली. स्वतः फारसं वाचायची नाही पण घरात आलेलं पुस्तक कव्हराशिवाय कपाटात जायचं नाही हा तिचा नियम. खाकी कागद पैसे देऊन कोण आणणार, म्हणून वर्ष संपलं की कालनिर्णय भिंतीवरून उतरायचं आणि त्याची बारा पानं म्हणजे बारा कव्हरं. आता ज्यांच्या घरी कालनिर्णय होतं त्यांना सांगायला नको की ते तिथी बघायला कमी आणि घरखर्चाला जास्त वापरलं जायचं. तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात सगळं. "गॅस लावला", "बाई नाही", "धोब्याला ११", "दूध १॥". दीड लिटर ती असंच लिहायची, एक आणि पुढे दोन उभ्या काड्या, जुन्या पद्धतीने, शेवटपर्यंत. तर माझ्या कॉलेजच्या काळातल्या पुस्तकांना अशी कव्हरं होती. आई २००९ ला गेली. तिच्या अक्षरातलं काही घरात राहिलंय का शोधलं तर एक रेशनकार्डावरची सही आणि ही कव्हरं, बस.

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, आयुष्यभर पेपरपलीकडे काही वाचलं नाही, रिटायर झाल्यावर अचानक वाचायची हुक्की आली आणि माझ्याकडून शिकारकथांचं एक जाडजूड जुनं पुस्तक घेऊन गेले. घरचे जावई, नाही म्हणायची सोय नाही. मी वहीत तारीख टाकून ठेवली (हो, माझी वही आहे, कोणी काय नेलं, कधी नेलं, हसा). आठ महिने मी एक शब्द काढला नाही. भाऊबीजेला त्यांच्याकडे गेलो तर ताईने ओवाळलं, जेवणं झाली, आणि भाऊजींनी मोठ्या कौतुकाने पुस्तक आणून हातात ठेवलं. नवं कोरं प्लास्टिकचं कव्हर, कडांना सेलोटेप, वर पांढरं स्टिकर, त्यावर पट्टी ठेवून लाल पेनने पुस्तकाचं नाव आणि खाली माझं नाव आडनावासकट. म्हणाले, "केवढं कळकट कव्हर होतं रे, टाकून दिलं, बघ आता कसं दिसतंय."

मी म्हटलं, टाकलं म्हणजे कुठे टाकलं. तर रद्दीत. रद्दीवाला दिवाळीच्या आधीच येऊन गेलेला.

ते जानेवारी १९९१ चं पान होतं. २२ तारखेच्या चौकोनात आईने लिहिलं होतं, "चिपळूणहून पत्र. पसंती आली." ते पत्र भाऊजींच्या वडिलांचं. म्हणजे ज्या दिवशी ह्यांचं लग्न ठरलं तो दिवस ह्यांनीच वजनावर विकला. मी तिथे बोलणार नव्हतो पण बोललो. भाऊजी दोन मिनिटं गप्प बसले आणि मग काय म्हणाले असतील? "अरे मग आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा ना." आणि वर, "पुस्तक तर आलं ना परत?" ताई तेव्हा काहीच बोलली नाही, मला पोचवायला खाली आली तेव्हा विचारलं, त्या पानावर अजून काय काय होतं रे. मला आठवेना. इतकी वर्षं ते पुस्तक माझ्या कपाटात होतं आणि २२ तारीख सोडून मला एक चौकोन धड सांगता येईना. मला भाऊजींपेक्षा त्याचा राग जास्त आला असं आत्ता लिहिताना वाटतंय, पण त्या दिवशी तरी भाऊजींचाच आला होता.

तेव्हापासून मी पुस्तक देत नाही. पूर्वी पोथी लिहून झाली की लिहिणारा शेवटी एक श्लोक टाकायचा, त्यात पोथीच सांगते की मला तेलापासून वाचवा, पाण्यापासून वाचवा, सैल बांधणीपासून वाचवा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. नीटनेटक्या माणसापासून वाचवा हे त्यात राहून गेलंय. मूर्ख परवडला, तो फार तर चहा सांडतो. आणि भाऊजी अजून म्हणतात की प्लास्टिकचं कव्हर जास्त टिकाऊ, म्हणून हे त्यांच्यासाठीही लिहून ठेवतो (ते इथे येत नाहीत, पण भाचा येतो): आपल्याकडच्या पावसाळी हवेत प्लास्टिकच्या आत दमट हवा कोंडते आणि पुठ्ठ्याला बुरशी धरते, सेलोटेपचा चिकटपणा कागदात उतरून कायमचे पिवळे पट्टे पडतात. त्या पुस्तकाला दोन पावसाळ्यांत दोन्ही झालं. कव्हर कागदाचंच घालायचं आणि टेप पुस्तकाला लावायचा नाही, घड्या आत खोचायच्या.

सगळेच पुस्तकवाले असे नसतात हेही सांगायला हवं. माझा एक मित्र वाचून झालेलं पुस्तक लोकलमध्ये सीटवर मुद्दाम सोडून येतो. साताऱ्याकडे भिलारला तर २०१७ पासून लोकांनी आपल्या राहत्या घरांत पुस्तकं मांडलीत, कोणीही जा, बसा, वाचा. मला ते जमणार नाही, पण असतात माणसं. तुमचे ते कुठल्या जातीतले हे मला माहीत नाही. तेव्हा चिडण्याआधी एकदा शांतपणे विचारा की ह्यातली कुठली पुस्तकं कोणाची आहेत. २००० मधली दहा-बारा निघतील ज्यांच्यासाठी बाकीची सगळी कडेकोट ठेवलेली असतात.

आता जागेचं. बेडच्या बॉक्समध्ये अजिबात नको, हवा लागत नाही, कसर होते, वाळवी लागली तर कळणारही नाही. पावसाची झड खाणाऱ्या भिंतीला कपाट टेकवू नका, चार बोटं सोडा. शेल्फला १८ एमएमचा प्लाय घ्या आणि अडीच फुटाला एक उभा आधार द्या, सुतार "चार फूट चालतं साहेब" म्हणेल, नाही चालत, दोन वर्षांत झोळी होते. कपाट भिंतीला स्क्रूने आवळा, पुस्तकांचं वजन भयंकर असतं. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून मागे टाका. ऑक्टोबरात कडक ऊन पडलं की सगळी खाली काढून पुसायची, दोन दिवसांचं काम आहे, लग्नाआधी त्यालाच करायला लावा. आणि पुसताना एकही जुनं कव्हर आतून बाहेरून वाचल्याशिवाय काढू नका.

माझ्याकडे आता तशी चार कव्हरं उरलीत. ताई मागच्या मे महिन्यात राहायला आली होती तेव्हा चारही पुस्तकं घेऊन गॅलरीत बसली, आतलं एक पान उघडलं नाही, नुसती कव्हरं वाचत होती, मधेच "धोब्याला ११" असं मोठ्याने म्हणाली आणि हसली. भाऊजी आत मॅच बघत होते. फोटो काढलेत आता, हो, मोबाइलवरच.

एक राहिलं. कालनिर्णयचा कागदही पुस्तकाला काही फार चांगला नाही, त्यातही ॲसिड असतं आणि खालची कापडी बांधणी पिवळी पडते, माझ्या चारही पुस्तकांची पडलीय. हे कृपया भाच्याने घरी सांगू नये, भाऊजी प्लास्टिकचा रोल घेऊन डोंबिवलीला येतील.