बायबल ही तारणाची, म्हणजे देवाने माणसाला सोडवण्याची, एकच कथा म्हणून कशी वाचायची?

तुम्ही लिहिलंय, 'उत्पत्तीपासून वाचायला घेतलं की लेवीय पुस्तकात अडकतो. ६६ पुस्तकांची मिळून एकच कथा आहे म्हणतात, ती काही दिसत नाही.'

मलाही बरीच वर्षं दिसली नव्हती. दिसली ती त्याच नियमांनी भरलेल्या लेवीय पुस्तकात, २५व्या अध्यायात. तिथे नियम आहे: भाऊ कंगाल होऊन त्याने जमीन विकली, तर जवळच्या नातलगाने येऊन ती सोडवावी. माझ्या आजोबांनी धाकट्या भावाचं गहाण पडलेलं रान स्वतःचे बैल विकून सोडवलं होतं. त्यामुळे तो अध्याय मला कायद्याचा वाटलाच नाही, घरातला वाटला.

अशा नातलगाला हिब्रूत 'गोएल' म्हणतात. हा शब्द धरून पुढे चला. रूथच्या पुस्तकात खरा जवळचा नातलग 'माझ्या वतनाचं नुकसान होईल' म्हणून मागे हटतो. बवाज नावाचा दुसरा नातलग मात्र शेतही सोडवतो आणि रूथशी लग्नही करतो. रूथ मवाबी, परकी विधवा. पण दावीद राजा तिचा पणतू, आणि मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचं नाव घातलंय. दुःखाने पिचलेला ईयोब 'माझा उद्धारक जिवंत आहे' म्हणतो, तिथेही मूळ शब्द गोएलच. निर्गम पुस्तकाच्या ६व्या अध्यायात देव इस्राएल लोकांना मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सोडवीन म्हणतो, तिथेही तेच क्रियापद. म्हणजे देव नातलगाचं काम स्वतःच्या अंगावर घेतो! 'शब्द देही झाला', म्हणजे देव येशूत माणूस झाला, हे योहानाचं वाक्य मी तेव्हापासून असंच वाचतो: सोडवायचं तर आधी नातं हवं. आणि किंमतही हवी. मार्क १०:४५मध्ये येशू ती आपल्या जिवाची सांगतो.

मात्र ओळीओळीत ओढूनताणून येशू शोधू नका. नीतिसूत्रांना नीतिसूत्रंच राहू द्या. जुना करार हे यहुदी लोकांचं शास्त्र आहे. त्यांच्या क्रमात ते आपल्यासारखं मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकाने नाही, 'इतिहास' नावाच्या पुस्तकांनी संपतं, आणि ते त्याचा अर्थ वेगळा लावतात. मी ख्रिस्ती म्हणून पुनरुत्थानाकडून मागे वळून वाचतो. अम्माऊस गावाच्या वाटेवर येशू भेटला त्या दोन शिष्यांनाही मोशेपासूनचं सगळं उलगडलं ते कबर रिकामी झाल्यावरच.

सुरुवात रूथपासून करा, चारच अध्याय आहेत. मग यिर्मया ३२. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय, यिर्मया संदेष्टा कैदेत आहे, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचं शेत सोडवायचा हक्क तुझा आहे. शहर पडणार हे यिर्मयाला ठाऊक आहे. तरी तो १७ शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो आणि ते पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मडक्यात ठेवायला सांगतो.