वू-वेइ, हत्ती आणि ओढाताण

प्रश्न असा: कामाच्या ताणावरच्या एका व्याख्यानात वक्त्यांनी प्राचीन चीनच्या ताओ विचारातला ‘वू-वेइ’ हा शब्द सांगितला आणि त्याचा अर्थ ‘निष्क्रियता’ असा दिला. हे बरोबर आहे का? त्याऐवजी ‘सहज’ म्हटलं तर चालेल का?

‘निष्क्रियता’ साफ चूक. ही चूक मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ऐकवत नाही. ‘वू’ म्हणजे नाही, ‘वेइ’ म्हणजे करणं, म्हणून ‘वू-वेइ’ म्हणजे काही न करणं, एवढ्या बेरजेवर लोक थांबतात. ‘वेइ’ हे कसलं करणं आहे, हे कुणी पाहतच नाही, आणि सगळी गंमत तर तिथेच आहे.

चीनच्या हनान प्रांतात आन्यांगजवळ शांग राजघराण्याच्या काळातली कासवाच्या, मुख्यतः पोटाकडची, कवचं आणि बैलांची हाडं सापडली. त्यांवर कौल लावण्यासाठी कोरलेले प्रश्न आहेत, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे. विद्वानांना ही लिपी म्हणून ओळखू आली ती 1899 मध्ये. त्या लिपीत ‘वेइ’ची खूण म्हणजे चक्क चित्र आहे: खाली हत्ती आणि त्याच्या सोंडेपाशी माणसाचा हात. हत्तीला हाताने कामाला लावणं, हे ‘वेइ’! हनानमध्ये हत्ती कुठले, असं वाटेल. पण आन्यांगच्या उत्खननात हत्तींची हाडं मिळाली आहेत आणि त्या प्रांताच्या ‘यू’ या जुन्या एकाक्षरी नावात आजही हत्तीची खूण लिहिली जाते.

आता चिनी कोशकारांचा आद्यपुरुष शू शेन. इसवी सन 100च्या सुमारास त्याने अक्षरांची व्युत्पत्ती सांगणारा मोठा कोश रचला आणि त्यात लिहिलं की ‘वेइ’ म्हणजे माकड, ज्याला नखांनी ओरबाडायची सवय आहे. त्याने ती हाडं पाहिलेली नव्हती, हे खरं. पण हाडं समोर आल्यावरही माकडाचं तुणतुणं वाजवत राहणाऱ्यांना काय म्हणावं? थोर कोशकाराची चूक ही चूकच असते.

माझं मत असं की ‘वू-वेइ’मध्ये नकार कामाला नाही, त्या सोंडेवरच्या हाताला आहे. ताओ विचाराच्या ज्या मूळ ग्रंथाला लाओ-त्झूचं नाव आहे, त्याच्या काळापर्यंत ‘वेइ’चा अर्थ साधं ‘करणं’ झाला होता आणि चित्र कुणाच्या ध्यानात नव्हतं, असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे. तरीही त्याच ग्रंथाच्या 48व्या अध्यायात ‘वू-वेइ’ने काहीच करायचं राहत नाही, असं म्हटलं आहे. ‘वू-वेइ’ म्हणजे हात बांधून बसणं असेल, तर या वाक्याला काही अर्थच उरत नाही. हत्तीची सोंड धरून ओढणारा थकतो. मानेवर बसलेला माहूत कानामागे पायाचा नुसता इशारा देतो आणि हत्ती वळतो. माहूत निष्क्रिय आहे का?

च्वांग-त्झू या दुसऱ्या ताओ विचारवंताच्या ग्रंथातला तिंग नावाचा आचारी पाहा. बैल कापून कापून इतरांच्या सुऱ्या महिन्याला किंवा वर्षाला बदलाव्या लागतात. याची सुरी 19 वर्षांनंतरही नुकती सहाणेवरून काढल्यासारखी, कारण ती हाडावर घातलीच जात नाही, सांध्यांतल्या मोकळ्या जागेतून फिरते. अवघड गाठ आली की तो थांबतो, नजर रोखतो, सुरी अगदी हळू चालवतो. ताणाच्या व्याख्यानात सांगायचं ते हे.

‘अकर्म’ही नको. गीतेला चिंता कर्माच्या बंधनाची आहे, लाओ-त्झूचा बराचसा उपदेश राज्यकर्त्याला आहे. दोन्हींची मोट बांधली की दोन्ही बिघडतात. बौद्ध ग्रंथ चिनीत नेणाऱ्यांनी मात्र ‘वू-वेइ’ची जोडी एका संस्कृत शब्दाशी लावली होती: ‘असंस्कृत’! म्हणजे कारणांच्या जुळणीतून घडवलेलं नाही ते, निर्वाणासारखं. मराठीत आज त्या शब्दाने भांडण होईल, म्हणून तोही बाद.

राहिला ‘सहज’. ‘सह’ अधिक ‘ज’, सोबत जन्मलेलं. ‘सहजं कर्म कौन्तेय’ म्हणताना गीतेला सोपं काम अभिप्रेत नाही, जन्माबरोबर आलेलं काम अभिप्रेत आहे. हा अर्थ ताओवाद्यांच्या ‘त्झू-रान’ला, म्हणजे ‘आपसूक तसं असणं’ याला जवळचा आहे. पण ‘वू-वेइ’साठी तो अपुरा पडतो, कारण आपण ‘काही काम नाही, सहज आलो’ असं म्हणतो आणि तिंगला तर काम होतं.

मराठीत नेमका शब्दप्रयोग तयार आहे आणि तो कुणाला सुचू नये याचं मला वाईट वाटतं: ओढूनताणून. ओढूनताणून आणलेलं हसू, ओढूनताणून जुळवलेलं यमक. ‘वू-वेइ’ म्हणजे ओढूनताणून न करणं. त्यात ओढणारा हात आहे आणि तुम्ही विचारलेला ताणही आहे, ‘तन्’ या पसरण्या-ताणण्याच्या धातूपासूनचा. लिहिताना ‘वू-वेइ’ तसाच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला ‘ओढूनताणून न करणं’ एवढं जोडा.