रोडबाइक घेतोयस? आधी माप बघ, मग रंग

बेळगावात वडगावहून उद्यमबागला कामावर आणि रविवारी राजहंसगडाकडे व्यायामाला, दोन्हीला एकच सायकल हवी तर फ्रेमचं माप आधी बघ. दांडा दोन पायांत घेऊन, पाय जमिनीवर टेकून उभं राहिल्यावर दांडा आणि जांघ यांच्यामध्ये दोन बोटं तरी जागा राहिली पाहिजे. दुकानदार "सीट खाली करून देतो" म्हणाला तरी मोठी फ्रेम घेऊ नकोस. हात ताणून खांदे भरून येतात.

टायर रुंदीला २८ मिमीच्या खाली नको, ३२ बसत असेल तर उत्तमच. आपल्याकडचा पावसाळा बघता मडगार्ड बसवायची सोय आणि डिस्क ब्रेक हवेतच.

सीटची उंची मात्र सवडीने लाव. भिंतीचा आधार घेऊन बस, टाच पेडलवर ठेव, पेडल अगदी खाली ने. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलास की गुडघ्यात हलका बाक आपोआप येतो. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे. पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलली तर वर. एका वेळी ५ मिमीच बदल, आणि आधीच्या उंचीवर टेपची खूण कर.

गडाच्या चढासाठी गिअरची पुढची लहान चकती ३४ दात्यांची, मागची मोठी निदान ३२ ची घे. हँडल सुरुवातीला सीटच्या बरोबरीनेच ठेव.