खैर आणि बाभूळ आता ‘अकेशिया’ का नाहीत? लेबलवर काय लिहायचं?

प्रश्न असा आहे: जुन्या पुस्तकात खैराचं नाव ‘अकेशिया कॅटेचू’, अ‍ॅप दाखवतं ‘सेनेगालिया कॅटेचू’. बाभळीचंही तेच, ‘अकेशिया निलोटिका’ की ‘व्हॅचेलिया निलोटिका’? हर्बेरियम शीटवर (वाळवलेला नमुना चिकटवलेल्या कागदावर) कोणतं लिहायचं?

नवीन लिहा. पण कारण समजून घ्या, नाहीतर पुढच्या झाडाला पुन्हा अडाल.

अकेशिया ही पूर्वी १३०० हून अधिक जातींची प्रचंड प्रजाती होती. (मराठी परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रं सर्रास उलट लिहितात.) डीएनएच्या अभ्यासातून दिसलं की या सगळ्या जाती एकाच पूर्वजाच्या वंशातल्या नाहीत, म्हणून प्रजाती फोडावी लागली. प्रजाती फुटली की मूळ नाव कोणाकडे राहतं? ज्या गटात तिची प्ररूप जाती, म्हणजे प्रजातीच्या नावाचा आधार म्हणून ठरवलेली जाती, असेल त्याच्याकडे. अकेशियाची प्ररूप जाती होती आपली बाभूळ! म्हणजे नियमाप्रमाणे नाव बाभळीच्या गटाकडेच राहायला हवं होतं आणि ऑस्ट्रेलियातल्या जवळपास हजार जातींना ‘रॅकोस्पर्मा’ म्हणावं लागलं असतं. एवढी नावं बदलायला नकोत म्हणून प्ररूपच बदलून ‘अकेशिया पेनिनर्व्हिस’ ही ऑस्ट्रेलियन जाती ठरवण्याचा प्रस्ताव आला. २००५ च्या व्हिएन्ना वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये सुमारे ५५ टक्के मतं त्याच्या विरोधात पडली, पण प्रस्तावाच्या बाजूची समितीची शिफारस फेटाळायला ६० टक्के लागत होती, म्हणून प्रस्ताव टिकला. २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. मला हा निर्णय आजही पटत नाही. आफ्रिका आणि भारतातल्या लोकांच्या ओळखीचं नाव गेलं. तरी निर्णय झाला आहे, आणि लेबलवर तोच पाळायचा.

शेतात ओळखताना आधी काटे बघा. पेरापाशी सरळ काट्यांची जोडी, म्हणजे उपपर्णांचेच (देठाच्या बुडाशी असणाऱ्या छोट्या पानांसारख्या भागांचेच) झालेले काटे, असेल तर व्हॅचेलिया: बाभूळ, हिवर, देवबाभूळ. काटे आकड्यासारखे वाकडे असतील तर सेनेगालिया: खैर, शिकेकाई. फुलोऱ्यावर एकट्यावर विसंबू नका. बाभळीला गोल पिवळे गेंद आणि खैराला लांब कणसं असतात हे खरं, पण शिकेकाई सेनेगालिया असूनही तिला गेंदच येतात. काटे नाहीत आणि पानाच्या जागी चपटा झालेला देठ दिसतो, ती रस्त्याकडेची ऑस्ट्रेलियन बाभूळ. ती अकेशियाच राहिली, ‘अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस’. वेडी बाभूळ तर या गोंधळात नव्हतीच, ती प्रोसोपिस या वेगळ्याच प्रजातीतली होती आणि २०२२ पासून नेल्टुमा या प्रजातीत गेली.

आता कर्त्यांची, म्हणजे वनस्पतीला नाव देणाऱ्यांची, नावं. खैराचं पूर्ण नाव: सेनेगालिया कॅटेचू (एल.एफ.) पी.जे.एच.हर्टर अँड मॅब. कंसातला माणूस जातीला पहिलं नाव देणारा, ‘एल.एफ.’ म्हणजे दोन शब्दी शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसचा मुलगा, त्याने १७८२ मध्ये खैराला ‘मिमोसा कॅटेचू’ म्हटलं होतं. कंसाबाहेरचे ते २००८ मध्ये नव्या प्रजातीत हलवणारे. बाभळीच्या कंसात नुसतं ‘एल.’ येतं, कारण तिचं नाव थोरल्या लिनियसचं, १७५३ चं. या एका ‘एफ.’ची चूक विद्यार्थ्यांच्या शीटवर फार दिसते. हाताने लिहिताना प्रजाती आणि जाती या दोन शब्दांखाली वेगवेगळी रेघ मारा, कर्त्याखाली नको.

नाव तपासायला इंटरनॅशनल प्लांट नेम्स इंडेक्स उघडत असाल तर एक लक्षात ठेवा: तिथे नाव कुठे, कधी प्रसिद्ध झालं एवढंच कळतं. ते आज स्वीकारलेलं आहे का, हे प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइनवर बघायचं. संदर्भ शोधताना मात्र दोन्ही नावांनी शोधा. औषधी वनस्पतींवरचं बरंचसं लेखन अजून अकेशियाच्या नावाखाली आहे.

जुन्या शीटवरचं लेबल खोडू नका, त्यावर नवीन चिकटवूही नका. शेजारी छोटी निर्धारण-चिठ्ठी (वनस्पतीची ओळख नोंदवणारी) लावा: नवीन नाव कर्त्यासह, निर्धारण करणाऱ्याचं नाव आणि वर्ष.