जुळी आहेत, घर एकच, मग स्वभाव वेगळे कसे?

"मॅडम, जुळी आहेत, खाणंपिणं शाळा सगळं सेम, तरी मुलगी घाबरट आणि मुलगा सारखा चिडतो, म्हणजे हे जन्मजातच ना, मग आता बदलणार थोडीच?" सहा वर्षांच्या जुळ्यांची आई विचारत होती, आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

पोरं खाली सतरंजीवर ठोकळ्यांचा मनोरा रचत होती, तो धाडकन कोसळला आणि दोघंही एकदमच किंचाळली. आई मुलीला म्हणाली, "घाबरलीस का गं सोन्या, ये इकडे", आणि मुलाला, "ए, चिडायचं नाही हं, परत लाव." किंचाळी तीच होती हो दोघांची!

मी तिला १९७६ चा कॉन्ड्री या संशोधकांचा प्रयोग सांगितला. एकाच बाळाची फिल्म, डबीतून बाहुली टुणकन वर येते आणि बाळ रडतं, ज्यांना 'मुलगा आहे' सांगितलं त्यांना त्यात राग जास्त दिसला, 'मुलगी' सांगितलं त्यांना भीती. ती गप्पच झाली.

पण सगळं आईच शिकवते असं अजिबात नाही, आणि तिला तो अपराधीपणा मला द्यायचाही नव्हता. पोटात असताना अ‍ॅन्ड्रोजेन (पुरुषी हार्मोन्स) जास्त मिळालेल्या मुली सरासरीने गाड्यांशी जास्त खेळतात, हे अभ्यासांत दिसलंय. मात्र मानसशास्त्रज्ञ जेनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ मेटा-अ‍ॅनॅलिसिस (म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेली विश्लेषणं) तपासले तेव्हा स्त्री-पुरुषांमधले ७८ टक्के फरक छोटे किंवा जवळपास शून्य निघाले. आणि मुलगा-मुलगी जुळी म्हणजे दोन वेगळी बीजं, जीन्स साध्या भावंडांइतकेच सारखे, त्यामुळे दोन्ही मुली असत्या तरी एक भित्री आणि एक तापट निघू शकली असती.

होमवर्क एवढंच दिलं, आठवडाभर दोघांना काय काय बोलतो ते वहीत लिहायचं. वही बाबांनी आणली, मुलीच्या पानावर 'जपून', 'पडशील', 'राहू दे' खच्चून भरलेलं, मुलाच्या पानावर 'रडू नको', 'शाब्बास', 'ओरडू नको'.

महिन्याने आई सांगत होती, रात्री लाइट गेली तर मुलगा आदळआपट करायला लागला, नेहमीसारखं ओरडायच्या ऐवजी तिने विचारलं, "घाबरलास का रे?" तो आधी नाही म्हणाला, मग तिच्या ओढणीचं टोक धरून म्हणाला, "थोडासा."

मुलगी अजून झोक्यावर उभी राहत नाही. राहू दे की, बसून खूप उंच नेते म्हणे.