कलमागणिक सार्वभौमत्व

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. जागतिकीकरणात राज्यसंस्थेचं सार्वभौमत्व उरलंय का, असं तू विचारलंस. हे थेट मोजायचं असेल तर एखादा द्विपक्षीय गुंतवणूक करार घेऊन बस. अशा करारात दोन देश एकमेकांच्या गुंतवणूकदारांना संरक्षणाचं वचन देतात, आणि ते मोडलं तर गुंतवणूकदार सरकारला थेट लवादात, म्हणजे न्यायालयाबाहेर निवाडा करणाऱ्या मंडळासमोर, खेचू शकतो. सरकारने आपले हात कुठे आणि किती वर्षांसाठी बांधून घेतले, ते त्यात कलमागणिक दिसतं.

आधी 'गुंतवणूकदार' या शब्दाची व्याख्या वाच. दाभोळचा वीजप्रकल्प गुहागर तालुक्यात, पैसा अमेरिकी कंपन्यांचा, आणि भारत-अमेरिका गुंतवणूक करार अस्तित्वातच नाही. तरीही जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी भारताला लवादात खेचलं, कारण त्यांच्या मॉरिशसमधल्या उपकंपन्यांना भारत-मॉरिशस कराराचा आधार होता. नुसती नोंदणी पुरते की त्या देशात खरा व्यवसायही लागतो, हे शोध.

पुढचं कलम 'सर्वाधिक पसंतीचं राष्ट्र', म्हणजे इतर कोणत्याही देशाच्या गुंतवणूकदाराला दिलेली चांगली वागणूक याही देशाच्या गुंतवणूकदाराला देण्याचं वचन. एकच करार वाचणारा इथे हमखास फसतो. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीला कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीविरुद्ध २००२ मध्ये लवादाचा निवाडा मिळाला, पण त्याची अंमलबजावणी आपल्या न्यायालयांत नऊ वर्षं रखडली. दाद मागण्याची परिणामकारक सोय देण्याचं वचन भारत-कुवेत करारात होतं. कंपनीने ते या कलमाच्या जोरावर भारत-ऑस्ट्रेलिया करारात ओढून आणलं, आणि २०११ मध्ये त्याच मुद्द्यावर भारत सरकार लवादात हरलं. म्हणून देशाचे सगळे करार शेजारी ठेवून तक्ता कर.

कराचा रकाना त्यात विसरू नकोस. २०१२ मध्ये संसदेने पूर्वलक्षी, म्हणजे आधी होऊन गेलेल्या व्यवहारांवरही कर लावणारी, दुरुस्ती केली. तिच्याखाली कर लागलेल्या केर्न या ब्रिटिश कंपनीने १९९४ च्या भारत-ब्रिटन कराराखाली दाद मागितली आणि डिसेंबर २०२० मध्ये लवादाने सुमारे १.२ अब्ज डॉलर भरपाई दिली. निवाडा मानला नाही तर काय होतं? १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे तो परदेशी न्यायालयांत वसूल करता येतो. जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच आली, ऑगस्टमध्ये तो कर मागे घेण्याचा कायदा झाला. आपल्याकडे असा करार करायला संसदेची मंजुरी लागत नाही. संसदेने लावलेला कर तिने कधी न तपासलेल्या करारापुढे नमतो, हे मला लवादाच्या अधिकारापेक्षा जास्त खटकतं.

भारताने २०१५ च्या नमुना करारात, म्हणजे पुढच्या वाटाघाटींसाठी ठरवलेल्या आपल्या मसुद्यात, कर वगळला, सर्वाधिक पसंतीचं कलम काढलं, आणि लवादाआधी पाच वर्षं देशी न्यायालयांत दाद मागण्याची अट घातली. संयुक्त अरब अमिरातीशी २०२४ मध्ये केलेल्या करारात मात्र ती तीन वर्षांवर आली. नमुना म्हणजे मागणी. वाटाघाटीत काय टिकलं, ते सही झालेल्या मसुद्यातच कळतं.

जुने बहुतेक करार भारताने रद्द केले म्हणून ते बाजूला टाकू नकोस. शेवटच्या पानावर, करार संपल्यावरही आधीच्या गुंतवणुकीला १० किंवा १५ वर्षं संरक्षण देणारी ओळ असते. २०१७ मध्ये संपलेल्या करारात १५ लिहिलं असेल, तर तक्त्यात २०३२ लिही.